नेणीव आणि संमोहनविद्या : काही रूढ गैरसमज

(मंडळाच्या पुसेगाव येथील वार्षिक स्नेहसंमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षक-सभासदाने केलेले भाषण)



मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयही आम्हांवरच सोपविला, याबद्दल आम्ही कार्यवाहांचे आभारी आहोत. आम्ही केवळ मॅट्रिक झालेले प्राथमिक शिक्षक. मानसशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. तथापि मुलांच्या मनाशी उभा जन्म संबंध आला, आणि निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, एवढ्या बळावर हा विषय आम्ही निवडला आहे. त्यास कारणही तसेच घडले. अलीकडे आपल्या हिंगोली-सेनगाव भागातसुद्धा 'अंतर्मनाची शक्ती जागृत करा', 'संमोहनाने अभ्यास, व्यसनमुक्ती, यश' अशा जाहिराती येऊ लागल्या आहेत. हळदीचे किंवा सोयाबीनचे पैसे हाती आले की काही कुटुंबे मुलांना अशा वर्गांस पाठवितात. पाठवू नये, असे सरसकट म्हणण्याचा आमचा हेतू नाही. परंतु जे विकत घ्यावयाचे ते पारखून घ्यावे, हा आपल्या वडिलांचा शिरस्ता आहे. बैल घेताना आपण दात पाहतो. मग मुलाचे मन दुसऱ्याच्या हाती देताना काहीच पाहू नये काय?

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. ज्यास कोणी अंतर्मन म्हणतात, कोणी सुप्त मन, कोणी अबोध मन, त्यास आपल्या भाषेत 'नेणीव' हा सुंदर शब्द आहे. संतवाङ्मयात जाणीव-नेणीव ही जोडी वारंवार येते. आणि नामदेवरायांची नरसी ज्या मुलखात आहे, त्या मुलखातील श्रोत्यांना ती नव्याने शिकवावयास नको. पुढे आम्ही हाच शब्द वापरू.

पहिला गैरसमज असा की, संमोहन करणाऱ्याच्या डोळ्यांत, हातांत किंवा मंत्रात काही शक्ती असते आणि ती समोरच्या माणसात शिरून त्यास झोपविते. हा समज फार जुना आहे. अठराव्या शतकात फ्रांझ मेस्मर नावाचा वैद्य व्हिएन्नाहून पॅरिसला आला आणि आपण शरीरातील अदृश्य चुंबकद्रव्य हलवून रोग बरे करतो, असे सांगू लागला. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशीसाठी विद्वानांची समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन व रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे होते. समितीने एक सोपा प्रयोग केला. बागेतील जर्दाळूच्या एका झाडात ते द्रव्य 'भरले' आणि डोळे बांधलेल्या एका बारा वर्षांच्या मुलास एकेका झाडाजवळ नेले. मुलगा मूर्च्छित पडला खरा. पण पडला तो भलत्याच झाडाखाली! द्रव्य झाडात नव्हते, मुलाच्या अपेक्षेत होते.

हीच गोष्ट पुढे ज्याने ठासून सांगितली, तो मनुष्य आपल्या शेजारच्या गोव्याचा होता, याचा आपणांस अभिमान वाटावा. आबे फारिया हे त्याचे प्रसिद्ध नाव. जन्म १७५६ साली बारदेशातील कांदोळी येथे. लहानपणी पित्याबरोबर तो पोर्तुगालला गेला, रोम येथे शिकून धर्मगुरू झाला आणि शेवटी पॅरिसला स्थायिक झाला. त्याच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. राणीसमोर प्रवचन करावयास उभा राहिला असता भीतीने त्याची वाचा बसली. तेव्हा मागे बसलेल्या पित्याने कोकणीत हळूच सांगितले की, ही समोर बसलेली सारी भाजी आहे असे समज, आणि काप! मुलाची वाणी तत्क्षणी मोकळी झाली. आख्यायिका खरी असो वा नसो, सूचनेचे सामर्थ्य म्हणजे काय हे तीत नेमके आले आहे. पित्याने काही द्रव्य पाठविले नाही. पुत्राचा विश्वास कामी आला. १८१३ पासून फारियाने पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले. माणसास खुर्चीवर बसवावे, डोळे मिटावयास सांगावे आणि 'झोपा' अशी आज्ञा करावी, एवढीच त्याची रीत होती. जे घडते त्याचे कारण करणाऱ्यात नसून होणाऱ्याच्या ठायी आहे, हे त्याचे प्रतिपादन. लोकांनी त्याची टवाळी केली, रंगभूमीवर त्याचे विडंबन झाले, आणि १८१९ साली तो निवर्तला. रक्ताच्या पातळपणाशी या तंद्रीचा संबंध जोडण्यात तो चुकला. पण मुख्य मुद्द्यात तो काळाच्या पुढे होता.

पणजीस जुन्या सचिवालयाजवळ १९४५ साली उभारलेला त्याचा पुतळा आपणांपैकी अनेकांनी सहलीत पाहिला असेल. फारिया उभा आहे, त्याचे हात पसरलेले आहेत आणि समोर एक स्त्री कोसळत आहे. शिल्प उत्तमच आहे. पण पाहणारा बहुधा असे समजून परततो की, त्या हातांतूनच काही निघाले आणि बाई पडली. ज्याने हातांतून काही निघत नाही असे जन्मभर सांगितले, त्याच्या पुतळ्याकडे पाहूनही लोक उलटाच बोध घेतात. गैरसमज किती चिवट असतो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

संमोहन म्हणजे झोपही नव्हे. संमोहित माणसाच्या मेंदूच्या विद्युत्‌लहरी झोपेतल्यासारख्या नसतात, जागेपणासारख्या असतात. कीर्तनात रंगलेल्या माणसाला बाहेरचा गलबला ऐकू येत नाही. कादंबरीत बुडालेल्या मुलीस आईची हाक ऐकू येत नाही. या तंद्रीचेच ते जवळचे नातलग आहे. सर्वांना ती सारखी लागत नाही. शंभरांत दहा-पंधरांना गाढ लागते, तितक्यांनाच जवळजवळ लागत नाही, आणि बाकीचे मधले. म्हणून 'कोणालाही क्षणात संमोहित करतो' असे म्हणणारा एक तर अज्ञ असतो किंवा विक्रेता.

दुसरा गैरसमज अधिक सूक्ष्म आहे. आपल्या आत दुसरा एक सर्वज्ञ पुरुष बसलेला आहे, नव्वद टक्के मन त्याचे, दहा टक्के आपले, आणि संमोहनाने त्याच्या दारावर थाप मारली की तो हवे ते देतो, असे वर्गांतून शिकविले जाते. बर्फाच्या डोंगराचे चित्रही दाखवितात. नव्वद आणि दहा हे आकडे कोणी कोणत्या मापाने मोजले? मन शेराने-पायलीने मोजता येत नाही. नेणीव आहे, याबद्दल मात्र आम्हांस संशय नाही. आमचाच अनुभव सांगतो. पहिलीत आलेले मूल 'घराला', 'झाडावर', 'आईने' असे बिनचूक बोलते. त्यास विभक्ती ठाऊक नाही, सामान्यरूप ठाऊक नाही. आम्ही ते पुढे वरच्या इयत्तांत शिकवितो आणि तेव्हा तेच मूल अडखळते! नियम त्यास येत होता, पण आपणांस येतो हे त्यास कळत नव्हते. सायकलीचा तोल, स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीच्या हातचे मिठाचे प्रमाण, ही सारी नेणिवेची कामे. म्हणजे नेणीव हे काम आहे, काम करणारा निराळा मनुष्य नव्हे. गिरणीत पीठ दळले जाते, म्हणून आत कोणी दळणारी बाई बसलेली असते असे नाही.

या ठिकाणी मोठ्या नावांचाही घोळ केला जातो. झीगमुंट फ्रॉइड १८८५-८६ साली पॅरिसला शार्को यांच्याकडे संमोहन पाहून आला, काही वर्षे त्याने ते वापरले आणि नंतर सोडून दिले. त्याने वर्णिलेली नेणीव दडपलेल्या वासनांनी भरलेली होती. ती काही शहाणी आजीबाई नव्हती. अमेरिकेतील मिल्टन एरिक्सन या डॉक्टरने विसाव्या शतकात नेणिवेकडे अनुभवांचे उपयोगी भांडार म्हणून पाहावयास शिकविले. आजचे प्रयोगशाळेतील मानसशास्त्र तिसराच अर्थ घेते, तो वर सांगितलेल्या सायकलीचा. तीन निरनिराळ्या विहिरींचे पाणी एका घागरीत भरून 'हे अंतर्मनाचे तीर्थ' म्हणून विकले, तर ग्राहकाने काय समजावे?

तिसरा गैरसमज थोडक्यात सांगून पुढे जातो. 'नेणिवेस नकार कळत नाही. म्हणून मुलास "पडू नको" म्हणू नका, त्याचे मन "पड" एवढेच ऐकते,' असे सांगतात. यात तथ्य इतकेच की, एखादी गोष्ट आठवू नका म्हटले की ती अधिक आठवते. १९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळावयास सांगून हे प्रयोगाने दाखविले. परंतु त्यावरून नकारच कळत नाही, असे ठरत नाही. संमोहनग्राह्यता मोजण्याची स्टॅनफर्ड येथील १९५९ ची प्रसिद्ध मोजपट्टी आहे. तीत 'तुम्हांला हात उचलता येणार नाही', 'तुम्हांला स्वतःचे नाव उच्चारता येणार नाही' अशा सूचना आहेत, आणि कित्येकांचा हात खरोखरच उचलत नाही. नकार कळत नसता, तर हा हात लटका कसा पडला असता? सौम्य आणि होकारार्थी बोलणे चांगले. आम्ही वर्गात तेच करीत असू. पण ते शिष्टाचार म्हणून, शास्त्र म्हणून नव्हे.

आता चौथा गैरसमज, आणि आमच्या मते सर्वांत घातक. तो असा की, जन्मापासून घडलेले सर्व काही नेणिवेत जसेच्या तसे साठविलेले असते आणि संमोहनाने ते बाहेर काढता येते. तसेच संमोहित मनुष्य खोटे बोलत नाही.

हा समज आपणांस परका नाही. आपल्या खेड्यांतून पूर्वी चोरी झाली की अंजन पाहत असत. लहान मुलाच्या अंगठ्याच्या नखावर काजळ-तेल लावून त्या चकाकीकडे टक लावून पाहावयास सांगत, आणि मुलगा त्यात चोर 'पाही'. एकाग्र दृष्टी, सभोवार वडीलमंडळी, हलक्या आवाजात प्रश्न : यास संमोहनाहून निराळे काय म्हणावे? आम्ही नोकरीच्या निमित्ताने एका गावी होतो, तेथे एका घरची बोरमाळ नाहीशी झाली. अंजन पाहिले गेले. मुलास विचारीत होते : 'पुरुष आहे ना? अंगात मळका सदरा आहे ना? गोठ्याकडून येतो आहे ना?' मुलगा मान डोलावीत होता. घरात गोठ्याकडून येणारा मळक्या सदऱ्याचा पुरुष एकच, तो म्हणजे सालगडी. मुलाने लबाडी केली नाही. त्यास खरेच दिसले. पण दिसले ते, जे विचारणाऱ्यांच्या मनात होते. त्या गरिबाने शपथा घेतल्या, कोणी ऐकले नाही. सालाचे पैसे बुडवून, बायकामुले घेऊन तो गाव सोडून गेला. पावसाळ्याच्या तोंडी ज्वारीची कणगी रिकामी केली तेव्हा तळाशी बोरमाळ निघाली. दागिना परत आला. मनुष्य परत आला नाही.

मित्रहो, शास्त्र हेच सांगते. स्मृती म्हणजे पेटीत ठेवलेला कागद नव्हे. प्रत्येक वेळी आठवताना मन ती गोष्ट नव्याने रचते, आणि रचताना ऐकलेले, कल्पिलेले, सुचविलेले त्यात मिसळते. संमोहनात कल्पना बळावते आणि खात्रीही वाढते. म्हणून मनुष्य चुकीची गोष्ट अधिक ठामपणे सांगतो. फ्रान्समध्ये नान्सी येथील बर्नहाइम यांनी एकोणिसाव्या शतकातच सूचनेने खोट्या आठवणी रुजविता येतात हे दाखविले होते. १९८५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने पुरावे तपासून असा निष्कर्ष दिला की, संमोहनाने निघालेल्या आठवणी साध्या आठवणींहून अधिक विश्वसनीय ठरत नाहीत. १९९५ साली एलिझाबेथ लॉफ्टस यांनी तर संमोहन न करताच केवळ घरच्यांच्या नावे सांगून, 'तू लहानपणी बाजारात हरवला होतास' ही न घडलेली गोष्ट सुमारे चतुर्थांश लोकांच्या स्मरणात पूर्णतः वा अंशतः रुजविली. संमोहित मनुष्य ठरवून खोटेही बोलू शकतो. पूर्वजन्माच्या कथांचेही असेच. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील एका स्त्रीने संमोहनात 'ब्राइडी मर्फी' नावाचा आपला आयर्लंडमधील पूर्वजन्म सांगितला आणि त्यावर १९५६ साली निघालेले पुस्तक अफाट खपले. शोध घेता तशा स्त्रीची नोंद आयर्लंडमध्ये सापडली नाही, आणि कथेतील कित्येक धागे बालपणीच्या ऐकीव गोष्टींशी जुळू लागले.

हे सर्व आम्ही विस्ताराने का सांगतो? कारण आज अंजनाची जागा वातानुकूलित खोलीने घेतली आहे. तेथे एखाद्या सुनेस सांगितले जाते की, तुझ्या आजाराचे मूळ सासूने बालपणी तुझ्या नवऱ्यावर केलेल्या अन्यायात आहे. एखाद्या मुलास सांगितले जाते की, तुझ्या चुलत्याने तुला काही केले होते, ते तू विसरलास. अत्याचार घडतात, आणि मूल आपण होऊन सांगेल तेव्हा ते ऐकलेच पाहिजे, अगदी शेवटपर्यंत ऐकले पाहिजे. पण 'आठवत नाही ना? मग नक्की घडले असेल' ही रीत शास्त्राची नव्हे, करणी शोधणाऱ्याची आहे. अशा एका बैठकीने भाऊबंदकी पेटते आणि पिढ्यान्‌पिढ्या विझत नाही.

पाचव्या गैरसमजाची दोन तोंडे आहेत. एक म्हणते, संमोहनाने माणसाकडून काहीही करविता येते. दुसरे म्हणते, नेणीव आपली राखण करते, ती अहिताचे कधीच करू देत नाही. १९६५ साली ऑर्न आणि एव्हान्स यांनी प्रयोग केला. संमोहित माणसांस विषारी सापाला हात लावावयास, कोणाच्या अंगावर आम्ल फेकावयास सांगितले. आतून बंदोबस्त होता, इजा होणार नव्हती. बहुतेकांनी ते केले. मोहिनीचा प्रताप म्हणावा, तर संमोहित झाल्याचे नुसते सोंग घेणाऱ्यांनीही तेच केले! म्हणजे करविते ते संमोहन नव्हे. 'हे मोठे लोक आहेत, ते भलते होऊ देणार नाहीत' हा विश्वास करवितो. यावरून आमच्या मायबहिणींनी एवढेच घ्यावे की, राखण नेणीव करीत नाही, आपण करावयाची असते. लेकीसुनांनी, लहान मुलांनी बंद खोलीत अशा बैठकीस एकट्याने जाऊ नये. सोबत घरचे माणूस बसू देत नाहीत, तेथून उठून यावे.

सहावा गैरसमज, की या विद्येने सर्व काही साधते. तिचा उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही. जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यवैद्याने १८४५ पासून बंगालमध्ये हुगळी येथे, गुंगीची औषधे येण्यापूर्वी, या पद्धतीने वेदना शमवून अनेक भारतीय रुग्णांवर मोठ्या शस्त्रक्रिया केल्या. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ साली आणि अमेरिकन संस्थेने १९५८ साली वैद्यकात तिचे स्थान मान्य केले. वेदना, शस्त्रक्रियेपूर्वीची भीती, आतड्याचे काही चिवट विकार यांत जाणत्या डॉक्टरच्या हाती तिचा गुण येतो. पण ती औषधाच्या जोडीला बसते, गादीवर नव्हे.

आमच्या एका विद्यार्थ्यास अपस्माराचे झटके येत. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झटके थांबले होते. बाहेरगावच्या एका शिबिरात सांगितले गेले की, 'ही नेणिवेतील भीती आहे, गोळ्यांनी ती दडपते. एकवीस दिवस स्वयंसूचना द्या.' गोळ्या सुटल्या. काही दिवसांतच मुलगा झटका येऊन चुलीवर पडला आणि त्याचा उजवा हात भाजला. आज तो गोळ्या नियमित घेतो, दुकान चालवितो, आणि हिशेब डाव्या हाताने लिहितो. 'एकवीस दिवस' हा आकडाही तपासून पाहावा. १९६० साली मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या शल्यवैद्याने आपल्या पुस्तकात एकवीस दिवसांचा उल्लेख केला, तो आपल्या रुग्णांवरील निरीक्षणावरून. पुढे लोकांनी त्याचा नियम केला. लंडन येथे प्रत्यक्ष मोजणी झाली, तिचा निष्कर्ष २००९ साली आला : सवय रुजण्यास सरासरी सहासष्ट दिवस, कोणास अठरा, कोणास दोनशे चौपन्न. डोळे बांधून मुलांस वाचावयास लावणाऱ्या 'मिडब्रेन' वर्गांविषयी तर बोलावयासच नको. नाकाजवळची फट बुजविली की ती दिव्यदृष्टी मावळते. वाईट इतकेच की, त्या फटीतून पाहून 'मला आपोआप दिसते' असे आईबापांस सांगावयास ते मूल शिकते. फी देऊन आपण मुलास असत्य शिकवितो.

आता उपसंहार. मंडळास आमची नम्र सूचना आहे. अशा वर्गास सभागृह किंवा व्यासपीठ देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. शिकविणाऱ्याची वैद्यकाची वा मानसशास्त्राची मान्यताप्राप्त पदवी कोणती? चालू औषधे बंद करावयास तो सांगतो काय? हरवलेल्या आठवणी, पूर्वजन्म किंवा दोषी मनुष्य शोधून देण्याची भाषा तो करतो काय? आणि बैठकीस घरचे माणूस सोबत बसू देतो काय? या चारांची उत्तरे सरळ आली तर अवश्य जावे, काही चांगलेच मिळेल. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि ज्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली. कायदा आपल्या जागी आहे. पण प्रश्न विचारण्याची सवय कायद्याने लागत नाही, ती घरात आणि शाळेत लागते.

विद्यार्थी मित्रहो, तुमची नेणीव तुमची वैरीण नाही आणि कल्पवृक्षही नाही. जे तुम्ही रोज लक्ष देऊन करता, तेच ती हळूहळू आपलेसे करते. पाढे पाठ झाले, अक्षर वळणदार झाले, ते याच मार्गाने. तिला दुसरी फी लागत नाही. आणि वडीलधाऱ्यांनो, मुलास भीती वाटत असेल, झोप लागत नसेल, अभ्यासात मन नसेल, तर त्याच्या नेणिवेत डोकावण्यापूर्वी त्याच्या शेजारी बसून, त्यास जे जाणवते आहे ते तरी नीट ऐकावे.